विरघळलेली जाळी

अहो,

तुम्ही गेल्यानंतर तुमच्या प्रयोगशाळेतली ती काल पहिल्यांदाच घरी आली. अपघातानंतर तुमच्या पायात जिने बनवलेली जाळी बसवली, तीच. त्या जाळीच्या आधाराने नवं हाड वाढतं आणि जाळी विरघळून जाते, हे तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायचात. मला मात्र तुमचा पाय चेपतानाही ती मुलगीच आठवायची.

तिने तुमचा शेवटचा एक्स-रे मागून घेतला आणि खिडकीशी धरला. "वहिनी, बघा ना, हाडात फट कुठे होती तेसुद्धा ओळखू येत नाही."

"म्हणजे तुझं काहीच उरलं नाही?"

"काहीच नाही. सगळं सरांचंच हाड."

मला इतकं बरं वाटलं की मी तिला आणखी चहा विचारला.

मग ती म्हणाली, "एक सांगाल? जिना चढताना सर आधी कुठला पाय टाकायचे? त्या पायावर त्यांचा विश्वास बसला होता का, ते यात दिसत नाही." बोलताना ती एक्स-रेमधल्या हाडावरून बोट फिरवत होती.

तुम्ही नेहमी तोच पाय आधी टाकायचात.

"लक्ष नाही गं दिलं कधी," मी म्हणाले.

तिच्या कामाला ते हवं होतं, कळतं मला. पण नाही दिलं.

तुमचीच