सोवळ्यातली पट्टी

८ जुलै, अकोला
कुरियरने आले: स्टीलची पट्टी एक, ३२०० रुपये. कोरायचं पेन, ६५०. सीलबंद पाकीट, आत चोवीस इंग्रजी शब्दांचा कागद. कुरियर १४०. पाठवणार चिरंजीव ईशान, पुण्याहून. एवढ्यात जेवणाची ताटं आली असती, वर नावं फुकट कोरून.

९ जुलै
ईशानचा फोन. पगारातून साठवलेलं सगळं त्या क्रिप्टोत आहे. त्याची किल्ली एका डबीत, डबी त्याच्याकडे. डबी बिघडली तर हे चोवीस शब्द नव्या डबीत टाकायचे, की पैसे हजर. म्हणून शब्द पट्टीवर कोर, कागद जाळ, मोबाइलवर काही नको. दिवाळीत याच पैशाने अमरावतीला फ्लॅट, मग निधीशी लग्न.
हे म्हणाले, "बँकेत लॉकर घेऊ." भाडं कोण देणार? जन्मभर कोर्टात कारकुनी केली, अक्कल तिथेच जमा करून आले. पट्टी देवघरात राहील. देवापेक्षा मोठा लॉकर कोणता?

११ जुलै, सकाळी
कोरायला बसले. शिव शिव! गार्लिक! चातुर्मासात! पुढे एग. त्यापुढचे तर लिहवत नाहीत. असले पाच. हे बाळकृष्णाच्या शेजारी ठेवायचं? डबीच्या कंपनीवाल्यांच्या घरी देव नाहीत का?

दुपारी
तोडगा निघाला. ते पाच गाळले, त्यांच्या जागी मिल्क, हनी, शुगर, बनाना, कोकोनट. चोवीसचे चोवीस. हिशोब जुळल्याशी कारण. अक्षर मोत्यासारखं. मॅट्रिकला इंग्रजीत त्रेसष्ट उगीच नव्हते. कागद गच्चीवर जाळला, अंघोळ केली. ते शब्द मनातून जावेत म्हणून रामरक्षा म्हटली. गेले.

३१ जुलै
देवघराला कुलूप लावलं. शेजारची रागिणी, तेल्हाऱ्याची, विचारते, "काकू, कुलूप कावून लावून राहिल्या? देव पळून राहिले का?" तिच्या भावाचे पैसे ऑनलाइन गेले म्हणे. वाईट वाटलं. थोडं. पासवर्ड कागदावर लिहून गाईच्या गोठ्यात ठेवणारी माणसं ती. आमचं पंचामृतात आहे.

१ सप्टेंबर, महालक्ष्म्यांचं जेवण
ईशान आला. डबी पॅन्टच्या खिशात, पॅन्ट मशीनमध्ये. मेली. म्हटलं, आई कशाला आहे? त्याने नवी डबी आणलीच होती. पट्टीला हळदकुंकू लावून पुढे केली. डबी म्हणते चूक. पुन्हा चूक. सोळा कोशिंबिरी वाढून झाल्या तरी चूक.
"आई, तू शब्द बदललेस?"
म्हटलं, सुधारले.
तो भिंतीला टेकून खालीच बसला. सणासुदीला असं बसू नये, तेही सांगितलं.

२ सप्टेंबर
लसूण आणि अंडं आठवलं. बाकीचे तीन? पोरगा सकाळपासून देवीसमोर बसवून विचारतोय: चिकन? फिश? बेकन? बेकन म्हणजे काय विचारलं, तर हे हसले. म्हणाले, "एवढं सोवळं केलंस, आता थोडं ओवळं आठव." ईशान हसला नाही. निधीच्या वडिलांचा फोन आला, फ्लॅटची तारीख विचारायला. त्याने उचलला नाही.

५ सप्टेंबर
दोष कंपनीचा. ईशान म्हणतो, शब्द कंपनीकडेही नसतात, जगात कोणाकडेच नसतात. शक्य नाही. आमचा किराणेवाला लग्नाआधीची उधारी तोंडपाठ सांगतो. मोबाइलवर शब्द नको हे ईशाननेच बजावलंय, म्हणून साधं पत्र लिहिलं:
"महोदय, पट्टी उत्तम, एक अक्षर पुसलं नाही. यादी मात्र सात्त्विक काढत जावी. आमचा मुलगा चार दिवसांपासून नीट जेवला नाही. त्याला आवडतं म्हणून आज वरणाला लसणाची फोडणी दिली, चातुर्मास असून. तरी पानावरून उठला. तेव्हा उरलेले तीन शब्द काहीही असोत, मी ते माझ्या हाताने लिहीन. उलट टपाली कळवावे."