कोट बघून केलेली वकील

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकट्या भावाचा सा. न. वि. वि.

पत्र बघूनच तुला शंका येईल, कारण एरवी मी फोनवर चार वाक्यांत भागवतो. शंका बरोबर आहे. फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच ओरडली असतीस आणि माझं वाक्य काही पुरं झालं नसतं, म्हणून लिहितोय. ताई, दारू पिऊन गाडी चालवताना मला पोलिसांनी पकडलं. आणि हे दुसऱ्यांदा. दोन वर्षांपूर्वी एकदा पकडलं होतं, ते तुला सांगायचं राहून गेलं.

त्याचं असं झालं. कोर्टातले जुने हेडक्लार्क निवृत्त झाले, त्यांच्या निरोप समारंभाला गेलो होतो. त्यांचे सगळे कोट मी शिवलेले, तेव्हा नाही कसं म्हणणार? दोन घोट घेतले. येताना चौकात हवालदाराने नळी पुढे केली, मी फुंकलं, यंत्रातून चिठ्ठी बाहेर आली. तिच्यावरचा आकडा बघून त्या हवालदारालाच माझी कीव आली. आता रीतसर खटला आहे. दुसऱ्यांदा सापडलेल्याला सहा महिने आत पाठवायची मुभा आहे म्हणे. मी आत गेलो तर दुकानाला कुलूप, आणि अर्धं कोर्ट उसवलेल्या कोटांनी फिरणार.

गंमत बघ, माझं दुकान कोर्टासमोर, इथले झाडून सगळे वकील माझी गिऱ्हाइकं. एकूण एकाची छाती-कंबर मला तोंडपाठ आहे, पण डोक्याचं माप काही कधी घेतलं नाही. वकील करू कोणाला? तू तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलंस, पोलीस-कोर्ट तुला नवीन नाही. सल्ला दे. राग आला असेल तर तोही दे, पण आधी सल्ला.

घरी आम्ही दोघं मजेत आहोत, म्हणजे मी मजेत आहे आणि ही माझ्याशी बोलत नाही. लोभ थोडा आटला तरी चालेल, तळाशी दोन थेंब राहू देत.

तुझा,
ठिगळ


ता. ९ फेब्रुवारी

चि. ठिगळ यास,
अ. उ. आ., आणि पाठीत एक धपाटा.

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा रागाने, दुसऱ्यांदा चष्मा लावून, आणि तिसऱ्यांदा तू काय लिहिलं नाहीस ते बघायला. अरे शहाण्या, तुला गाडी मी शिकवली! शेजारच्या सीटवर बसून, पायाखालचा जादा ब्रेक दाबून दाबून मी हजारो लोकांना भिंतींपासून, खांबांपासून आणि एकदा न्हाव्याच्या दुकानापासून वाचवलं. त्या सगळ्यांत दारू पिऊन सापडला तो एकटा माझा सख्खा भाऊ. नाक कापलंस माझं.

दोन घोटांनी हवालदाराला कीव येत नसते. किती घेतली होतीस ते खरं लिही. आणि गाडीत आणखी कोण होतं तेही लिही.

वकिलाचं म्हणशील, तर पहिल्याच भेटीत जो काळजी करू नका म्हणेल, त्याला करू नकोस. काळजी करण्यासारखंच प्रकरण आहे. दुसरं, आजपासून किल्ली तुझ्या बायकोच्या पर्समध्ये. तिसरं, तुमच्या सरकारी दवाखान्यात दर मंगळवारी दारू सोडवायचं केंद्र भरत असेल, सगळीकडे भरतं. तिथे उद्याच्या उद्या नाव घाल. कोर्टाने सांगेपर्यंत वाट बघत बसू नकोस. तब्येतीला जप, आणि जरा लाजही बाळग.

तुझी रागावलेली आणि तरीही तुझीच,
ताई


ता. १६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. (धपाटा पोचला.)

वकील केला! कसा ते ऐक. दुरुस्तीला आलेला कोट कुठे झिजलाय त्यावरून मालक दिवसभर काय करतो ते कळतं. आमच्याकडचे सगळ्यात मोठे वकील घे. त्यांचा कोट बसायच्या जागी नुसता चकाकतो, म्हणजे साहेबांचा दिवस कॅन्टीनच्या खुर्चीत. त्यांनी मला पाठीवर थाप मारून काळजी करू नका असं सांगितलं, आणि मला तू आठवलीस. दुसऱ्या एकांचा कोट पाच वर्षं झाली तरी कोरा करकरीत. आणि एक वकीलबाई आहेत, तिशीच्या असतील. त्यांचा कोट वर्षातून दोनदा येतो, दोन्ही कोपरं विरलेली आणि आतला खिसा कागद कोंबकोंबून फाटलेला. टेबलावर टेकून तासन्‌तास वाचल्याशिवाय कोपरं अशी विरत नाहीत. झालं, त्यांनाच वकीलपत्र दिलं. हसू नकोस, तू नवरा तरी काय बघून निवडला होतास?

बाई दुकानात आल्या, कापायच्या टेबलावरच कागद पसरून बसल्या आणि मला पंधरा प्रश्न विचारले. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाल्या की यंत्राच्या चिठ्ठीवर अधिकाऱ्याची सहीच नाही, त्यावर भांडता येईल, मात्र खात्री नाही. मीही माझी अक्कल चालवली. त्यांना सांगितलं की मला खोकला होता, त्या औषधाचाच वास आला असणार, आणि माझी बायको तसं कोर्टात सांगेल. बाईंनी ते नुसतं लिहून घेतलं.

केंद्रात जाऊन आलो. गोल करून बसवतात. माझ्या शेजारी माझंच एक गिऱ्हाईक निघालं. तासभर आम्ही दोघांनी एकमेकांना ओळख दाखवली नाही, आणि निघताना त्याने पँट कधी मिळेल म्हणून विचारलं. पुढच्या मंगळवारीही जाणार आहे. आता तरी माया पूर्वीच्या मापाची कर, सैल नको, घट्टही नको.

तुझा,
ठिगळ


ता. २० फेब्रुवारी

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र यांच्या नकळत लिहितेय. यांनी तुम्हाला काय लिहिलं असेल त्याचा मला अंदाज आहे, म्हणून आधी सांगते, त्या दिवशी गाडीत मी होते. आणि दोन घोट वगैरे काही नाही. पाचव्या पेल्यानंतर मी मोजायचं सोडलं. मी म्हटलं, टॅक्सीने जाऊ या. हे म्हणाले, मला काय धाड भरलीय. चौकाच्या अलीकडे गाडी फुटपाथवर चढली आणि बेकरीच्या पायरीवर जाऊन आदळली. त्या पायरीवर रोज संध्याकाळी माणसं बसलेली असतात. त्या दिवशी तेवढ्या घडीला कोणी नव्हतं. बेकरीवाला बाहेर यायच्या आत यांनी गाडी मागे घेतली, आणि पुढच्याच चौकात हवालदार भेटला.

वकीलबाईंना यांनी आपण एकटेच होतो असं सांगितलंय. मी कोर्टात जाऊन म्हणायचं की यांना खोकला होता आणि घरून औषध पिऊन निघाले होते. वन्सं, या माणसाला सात वर्षांत साधी शिंक आलेली नाही! मला हसू येतं आणि त्याच्या मागोमाग रडू येतं.

तुरुंगाची मला भीती नाही. काजं-बटणं मीच करते, सहा महिने दुकान ओढून नेईन. मला भीती वाटते ती तिसऱ्या खेपेची. यांच्यासाठी खोटं बोलू की नको, एवढंच सांगा. मला काही सुचेनासं झालंय. तुमचा हात पाठीवर असू द्या.

तुमची,
धाकटी भावजय


ता. २४ फेब्रुवारी

चि. ठिगळ यास,
आशीर्वाद लिहिते, पण हात आखडता घेऊन.

तुझ्या बायकोने मला काही लिहिलेलं नाही, असं समज. गाडीत कोण होतं ते मी विचारलं होतं. तू कोटांच्या कोपरांवर पानभर लिहिलंस आणि त्याचं उत्तर तेवढं गिळलंस. आणि खोकल्याचं औषध? अरे, लाज कशी वाटली नाही? ती बाई तुझ्यासाठी कोट फाटेपर्यंत वाचतेय आणि तू तिच्यापासूनच लपवतोस? मग ती तुला वाचवणार कशी?

नीट ऐक. तू आत गेलास तर दर आठवड्याला डबा घेऊन भेटायला येईन. सुटलास तर तुला मिठी मारीन. पण बायकोला कोर्टात खोटं बोलायला उभं केलंस, तर तुझ्या दाराशी मी पुन्हा येणार नाही, आणि मी बोलते ते करते हे तुला ठाऊक आहे. वकीलबाईंना सगळं सांग. बेकरीच्या पायरीसकट.

मला तू हवा आहेस रे, धडधाकट. आईनंतर मला हक्काने रागवायला तूच उरलास. काळजीत,

ताई


ता. २० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि., आज खरोखर वाकून.

आत गेलो नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं तू बसून वाचशील.

तुझं पत्र आलं तशी वकीलबाईंकडे जाऊन सगळं ओकलो. त्या शांतपणे ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या, की सोबत बायको होती हे पोलिसांच्या कागदात त्यांनी पहिल्याच दिवशी वाचलं होतं, मी कधी सांगतो याची त्या वाट बघत होत्या. औषधावर त्यांनी काट मारली. सहीचा मुद्दा ठेवला, कारण तो खरा होता. लढायचं की कबूल करायचं ते मी ठरवायचं, आणि दोन्हीपैकी काहीही ठरवलं तरी माझ्या बाजूने उभं राहणं त्यांचं काम, असं त्यांनी सांगितलं. मी आठवडाभर लढायचं म्हणत होतो. खोटं कशाला बोलू?

न्यायाधीशांनी गुन्हा कबूल आहे का विचारलं. नाही हा शब्द अगदी ओठावर होता. सहज मागे वळून पाहिलं. ही तिसऱ्या बाकावर, पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती, माझ्यावरची नजर न काढता. माझ्या तोंडून कबूल आहे असं निघून गेलं. एवढ्यावर थांबावं ना, पण नाही, बेकरीच्या पायरीचंही सांगून टाकलं, जे कोणी विचारलंच नव्हतं. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला.

मग मात्र त्या अर्धा तास बोलल्या. कोर्टाने सांगण्याआधीच हा आपणहून केंद्रात जातोय, म्हणून हजेरीचा कागद पुढे ठेवला. बेकरीची पायरी दुरुस्त करून द्यायची हमी माझ्याकडून तिथल्या तिथे घेतली. कागदांत बघायची त्यांना गरजच पडत नव्हती. शेवटी लायसन दोन वर्षांसाठी गेलं, दंड झाला, वर्षभर मंगळवार चुकवायचा नाही, आणि सहा महिन्यांची शिक्षा टांगून ठेवलीय, पुन्हा सापडलो तर थेट आत. निकाल वाचताना साहेबांची डावी बाही अर्धा इंच लांब झालेली मला दिसत होती, पण म्हटलं, आज नको.

घरी बसने आलो. चाळीस मिनिटांचा रस्ता, ही खिडकीशी आणि मी शेजारी. दुसरा थांबा येईपर्यंत हिची मान कलंडली आणि ही माझ्या खांद्यावर गाढ झोपली. गचके बसले, कंडक्टर ओरडला, बाई ढिम्म. ताई, अठ्ठावीस वर्षं ही गाडीत माझ्या शेजारी बसली, कितीही लांब गेलो तरी हिने एकदाही डोळा मिटला नाही. मला आपलं वाटायचं, हिला रस्ता बघायला आवडतं.

आमचा थांबा आला तेव्हा मी हिला उठवलं नाही. शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो आणि त्याच बसने परत आलो.

मिठी मारायला कधी येतेस ते कळव.

तुझा,
ठिगळ