इंजिन मागे गेलं, डोरीन उतरली

मी, डेरेक एंट्विसल, वय तेवीस, डबलडेकरचा ड्रायव्हर, राहणार थॉर्नक्लफ, लँकेशायर, शुद्धीत असून, कुणीही भरीस न घालता हे लिहून ठेवतो. उद्या पोटाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर हसले, तरी लिहितोच. याआधीचं मृत्युपत्र नाही, म्हणून रद्द करण्यासारखं काही नाही. एक सही सोडून.

१. कॉलेजातली कंपासपेटी वडिलांना. इंजिनिअरिंग सोडून मी त्यांच्याच डेपोत आलो, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "निदान बस तरी अर्ध्या वाटेत सोडू नकोस."

२. डेपोतल्या इन्स्पेक्टर सटक्लिफला काहीही नाही. कॅन्टीनमध्ये त्याच्या अंगावर चहा फेकल्याची मला लाज वाटत नाही. कप डेपोचा होता, तो फुटला याची वाटते.

३. यात देण्यासारखं काही नाही, पण लिहिल्यावाचून पुढचं कळणार नाही. जुन्या बसचं इंजिन पुढे. ड्रायव्हर त्याच्या काचेच्या खोपट्यात, कंडक्टर मागच्या पायरीवर. दोघांत बोलणं फक्त घंटीचं: एक म्हणजे थांब, दोन म्हणजे निघ. मग अटलांटियन ही नवी डबलडेकर आली. इंजिन मागे गेलं, दार पुढे आलं, थेट ड्रायव्हरच्या शेजारी. माझी कंडक्टर डोरीन रिग्बी तिकिटं देऊन झाली की तिथं येऊन उभी राहायची. "समोर बघ, शहाण्या! माझ्या तोंडावर काय रस्ता काढलाय?" असं करत करत लग्न ठरलं.

त्याच दारामुळे पुढे ठरलं की पैसेही ड्रायव्हरनंच घ्यावेत, कंडक्टर नको. डेपोच्या सभेत आम्ही हात वर केले: एकट्यानं बस कुणीच चालवायची नाही. माझा हात सगळ्यांत उंच. आणि एकट्याच्या ड्रायव्हरीला पगार जास्त, घर लवकर होईल, म्हणून डेपोच्या त्या करारावर पहिली सही मीच केली. डोरीनला न विचारता. पाठोपाठ बाकीच्यांनी केल्या. कंडक्टर बायकांना आधी काढलं, डोरीनलाही; नोटिसा सटक्लिफनं कॅन्टीनमध्ये वाटल्या.

एकट्यानं निघालो त्या दिवशी बाजाराच्या स्टॉपवर पैसे घेतले, दार लावलं आणि बसून राहिलो. दोन घंट्या वाजल्याशिवाय पाय हलेना. एक आजी ओरडली, "अरे पोरा, कुणाची वाट बघतोस? नवरीची?" बसभर हशा. काचेबाहेर, सूतगिरणीच्या बसच्या रांगेत, डोरीन उभी होती. ती हसली नाही.

४. माझी मोटरसायकल, पोस्टातली शिल्लक आणि आमच्या घरासाठी घेतलेला चहाचा सेट डोरीन रिग्बीला.

५. इथवर लिहिलं तोच भेटीच्या वेळेत डोरीन आली. कलम चार वाचलं.

"लाज वाटते म्हणून देतोयस?"

"हो."

"मग ती तुझी तुलाच ठेव."

शेजारच्या खाटेवरचे पिल्किंग्टन, वकिलाकडचे निवृत्त कारकून, साक्षीला तयार होते. साक्षीदार दोन लागतात, दुसरं कुणी हवं होतं. तिनं पेन ओढून घेतलं. ते म्हणाले, "पोरी, साक्षीदाराला यातलं काही मिळत नसतं. कायदाच आहे."

"म्हणूनच करतेय, काका. आणि तू रे, उद्या शुद्धीवर ये. बाकीचं तोंडावर ऐकवायचंय."

कलम चार फुकट जाणार हे ठाऊक असूनही मी ते खोडत नाही. हीच माझी शेवटची इच्छा समजावी.

थॉर्नक्लफ रुग्णालय, १२ मार्च १९७०

सही: डेरेक एंट्विसल

त्यानं आमच्या देखत सही केली, आम्ही त्याच्या देखत:
अर्नेस्ट पिल्किंग्टन, निवृत्त कारकून
डोरीन रिग्बी, बस कंडक्टर