भंवरलालजींचा डबा

मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५

वाचले! डावा हात प्लास्टरमध्ये, उजव्याने लिहितेय. सायकलवरून ऑफिसला जाताना सोडाला चौकाच्या पुढे एका पांढऱ्या गाडीने मागून उडवलं आणि सुसाट गेली. नंबर? कसला नंबर! मी मेली उठून लोकांनाच सांगतेय — "कुछ नहीं हुआ, कुछ नहीं हुआ!" वर निघाले पुन्हा सायकलवर बसायला.

तेवढ्यात एक काका धापा टाकत पळत आले. "बेटा, सिर लगा है, पहले डॉक्टर." रिक्षाने नेलं, डोक्याचा स्कॅन होईपर्यंत बाहेर बाकावर बसून राहिले, मग घरी सोडलं. भंवरलालजी नाव. देवमाणूस!

५ नोव्हेंबर

ऑफिसातला निहार आला. हेल्मेट उलटं करून दाखवलं — आतून तडकलंय. "हे तुझं डोकं असतं, उत्कर्षा." मग शाळाच घेतली. सायकल दुरुस्तीला टाकू नकोस, आधी फोटो काढ. पोलिसांत तक्रार दे. कुणी पाहिलंय का, विचार. हो बाबा, हो! माझ्या पोपटी राणीचं मागचं चाक पार वाकलंय. बघवत नाही.

संध्याकाळी भंवरलालजी कढी-खिचडीचा डबा घेऊन हजर! तक्रारीचं काढलं तर म्हणाले, "नंबर तो है नहीं बेटा, क्यों चक्कर में पड़ती हो?" पटलं मला. जेवले मात्र पोटभर.

७ नोव्हेंबर

परवा दुखत नव्हतं ते सगळं आज ठणकतंय. आईला एकदाचं फोनवर सांगितलं. आधी रडली, मग — "कोण कुठला माणूस गं! माझा नमस्कार सांग त्यांना." आणि ठेवता ठेवता, "डबा रिकामा देऊ नकोस हं परत!"

रविवार, ९ नोव्हेंबर

बेसनाचे लाडू झाले. एका हाताने वळलेत, म्हणून वेडेवाकडे. पण डबा भरला. आत्ता प्रताप नगरला, त्यांच्या घरी. दवाखान्याच्या कागदावर पत्ता सापडला. न सांगता जातेय, गंमत!

१० नोव्हेंबर

काल लिहवेना.

त्यांच्या दारात पांढरी गाडी. पुढचा दिवा फुटलेला, बंपरवर पोपटी ओरखडा. तो रंग मी झोपेतही ओळखेन. डबा हातात घेऊन उभीच राहिले. ते बाहेर आले, माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं.

"भाग गया था, बेटा. आगे जाकर गाड़ी छोड़ी... लौट आया."

म्हणून धापा टाकत होते! राग आला, रडूही आलं. डबा पायरीवर ठेवून निघून आले.

११ नोव्हेंबर

निहारबरोबर पोलीस ठाण्यात गेले. हवालदारांनी विचारलं, गाडी कुणाची? नाव सांगितलं. मग विचारलं, दवाखान्यात कुणी नेलं?

तेच नाव पुन्हा सांगितलं.