'मन' हा शब्द बाद

२ तारीख, सोमवार. सकाळी ८
बायको बहिणीकडे गेली. कारण क्षुल्लक. म्हणाली, "या घरात माझं मन लागत नाही." मी फक्त दुरुस्ती केली, की मन अशी वेगळी वस्तूच नसते, असतो तो मेंदू. सतराव्या शतकातले भौतिकवादी वाचण्यात बावीस वर्षं घालवलीत, एवढा हक्क आहे मला. तिने बॅग भरली. दोन दिवसांत येईल.
संकल्प: 'मन' शब्द आजपासून बंद.

५ तारीख
आली नाही. जेवण जात नाही. छातीत जड. शरीरातल्या कणांची गती मंदावली असणार, बाकी काही नाही. फोन करावा असं मनात आलं. चुकलो, मेंदूत आलं. केला नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

९ तारीख
केला. साडूने उचलला. दातांचा डॉक्टर, तत्त्वज्ञानातलं ओ की ठो कळत नाही. म्हणाला, ती बोलणार नाही, मनापासून काहीतरी लिहून पाठवा. मनापासून म्हणे! पण सल्ला वाईट नाही. लिहून होत आलेलं माझं पुस्तक तिलाच अर्पण करतो: 'जिच्यावाचून माझं मन रमत नाही, तिला.' तत्त्व मोडलं, पण एकदाच. लिहिताना डोळ्यांतून पाणी आलं. शुद्ध यांत्रिक क्रिया.

१५ तारीख
पुस्तक पूर्ण! आत कुठे चुकून 'मन' राहिलं तर विद्वानांत हसं व्हायचं. कॉम्प्युटरला सांगितलं, सगळीकडे 'मन' काढ, 'मेंदू' घाल. चारशे बारा जागा, एका सेकंदात. फाइल प्रकाशकाकडे. प्रूफ थेट तिला पाठवायला सांगितलं. आता येतेच.

२१ तारीख. दुपारी
संपादकबाईंचा फोन. विचारत होत्या, हे 'जर्मेंदू तत्त्वज्ञ' कोण? आणि 'आगमेंदू' म्हणजे काय? मी हसलो. मग हसू थांबलं. अर्पणपत्रिका उघडून बघितली.
साडूला फोन लावला, पार्सल फोडू नका. तो म्हणाला, सकाळीच फोडलं.

२२ तारीख
तिचा मेसेज: "'माझं मेंदू रमत नाही.' वाचलं. निदान खरं लिहिलंस. आता माझी वाट बघू नकोस."
तिला चार पानी खुलासा पाठवला. कॉम्प्युटरची चूक, तळटीपांसकट. साडू म्हणतो, ओळ वाचून ती आधी खूप हसली, मग आत जाऊन दार लावून घेतलं. खुलासा उघडलेला नाही.

२६ तारीख
संकल्प काही नाही. कणांची गती वगैरे ठीक आहे.
मन लागत नाही.