पिंगळा या नावाची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय एकोणऐंशी, सेवानिवृत्त इंग्रजी अध्यापिका, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्यातील शुद्धलेखनाच्या चुका मी दुरुस्त केल्या, त्यामुळे दाखला अधिकच बळकट झाला, हे त्यांनीच कबूल केले. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. ते आणण्याचे प्रयत्न झाले. त्यांचा समाचार कलम चारमध्ये घेतला आहे.

कलम एक. राहते घर व बँकेतील ठेवी माझ्या एकुलत्या एका मुलीला. नणंदबाईंचा घरावर काडीचाही हक्क नाही. भावाच्या आजारपणात त्या एकदाच आल्या आणि जाताना "वहिनी, पडदे धुवायला झालेत" एवढेच बोलल्या. पडदे त्यांना द्यावेत.

कलम दोन. सर्व शब्दकोश खालच्या मजल्यावरील चष्मेवाल्याला. शाळेच्या ग्रंथालयाला देऊ नयेत. तेथे पानांचे कोपरे दुमडलेले चालतात.

कलम तीन. जेवणाचे टेबल व त्याच्या दोन खुर्च्या. यांची हकिकत सांगितल्यावाचून यांची वासलात लावता येणार नाही.

माझे दिवंगत पती ‘पिंगळा’ या टोपणनावाने वृत्तपत्राच्या रविवार पुरवणीत इंग्रजी शब्दकोडी घालीत. चमत्कारिक स्पेलिंग हा त्यांचा प्रांत. पाचही स्वर क्रमाने बाळगणारे शब्द, त्यांतील एकाही स्वरावाचून तग धरणारे शब्द, अक्षरांच्या तीन जोड्या एकामागून एक आणणारा ‘बुककीपर’. आमच्या घरचा दंडक असा, की कोडे घालणाऱ्याने ते सोडवायचे नाही. ते घालीत, समोरच्या खुर्चीत बसून मी ते शाईने सोडवी. मी अडले, तर दोष कोड्याचा. "मास्तरीणबाई, तुमच्या हातून देवसुद्धा काठावर पास व्हायचा," असे ते म्हणत. माझेही मत तेच आहे.

ते गेले, तेव्हा संपादकांनी बातमी छापली नाही. "वहिनी, पिंगळा कुठे मरतो? तुम्ही चालवा. वाचकांना कळायचं नाही." वाचकांना खरोखर कळले नाही, यात वाचकांविषयी जे समजायचे ते समजावे. मी त्यांच्या खुर्चीत बसून कोडे घालू लागले. सोडवायला कोणी उरले नव्हते, म्हणून दुसऱ्या सकाळी माझ्या खुर्चीत जाऊन मीच सोडवू लागले. प्रथम ते सोंग होते. पुढे माझ्या खुर्चीत बसले की उत्तरे मला खरोखरच ठाऊक नसत.

एका कोड्यात मी ‘क्रिप्ट’, म्हणजे तळघरातले थडगे, हा शब्द योजला. सूचना होती: दोघे जेथे कोणाच्या नकळत असतात. सोडवताना मी न अडखळता ‘ट्रिस्ट’, म्हणजे चोरटी भेट, असे लिहिले. स्वर दोहोंतही नाही, लांबी तीच, आणि वेगळी पडणारी दोन्ही अक्षरे आडव्या-उभ्या शब्दांच्या कचाट्याबाहेर. खुर्चीतून उठल्यावर ‘क्रिप्ट’ आठवला, तेव्हा चूक झाली म्हणून उत्तरांचा मूळ आराखडा काढला. त्यातही ‘ट्रिस्ट’ होते, माझ्याच हस्ताक्षरात. तो शब्द मी घातलेला नव्हता. डॉक्टर याला विस्मरण म्हणतात. मी विसरत नाही. तो शब्द मी तसाच छापू दिला, कारण तो अधिक चांगला होता.

टेबल सुताराकडून सुटे करवून लाकूड म्हणून द्यावे. दोन्ही खुर्च्या एकाच घरी जाऊ देऊ नयेत.

कलम चार. पिंगळा हे नाव. ते पुढे चालू राहावे म्हणून संपादक दोनदा पेढीवरल्या मालासारखी बोलणी करून गेले. त्यांना मी चहाही विचारला नाही. मुलीची गोष्ट वेगळी. ती दूरच्या शहरात असते. मागच्या आठवड्यात फोनवर म्हणाली, "आई, बंद नको ना करूस. मी घालीन कोडी, त्याच नावानं. बाबा भेटतात गं मला दर रविवारी."

"तुला भेटते ती मी."

"माहितीये मला. पण भेटतात बाबाच."

हे वाक्य मी सर्व बाजूंनी तपासले. त्यात चूक सापडली नाही, आणि म्हणूनच मी नकार देत आहे. पिंगळ्याच्या खुर्चीत बसणाऱ्याचे आपण कोण याचे भान हळूहळू सुटत जाते. माझे सुटले, ते मी चालवून घेतले, कारण मला तिकडे जायचेच होते. तिला जायचे नाही. तिची लेक अजून शाळेत जाते.

सबब हे नाव कोणासही वापरता येणार नाही. माझ्या मृत्यूनंतरच्या रविवारी कोड्याच्या जागी पुढील मजकूर जसाच्या तसा छापावा: "पिंगळा यांचे पूर्वीच निधन झाले. त्यानंतरची कोडी त्यांच्या पत्नीने घातली. आता त्याही नाहीत." उरलेली जागा कोरी सोडावी, तेथे जाहिरात लावल्यास वकिलांनी नोटीस द्यावी.

मुलीने कोडी अवश्य घालावीत, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या टेबलावर. सोडवायला जिवंत माणूस बसवावा. जावई चालतील, त्यांचे पुष्कळ अडेल, आणि ते कोड्याच्या हिताचे आहे. हे वाचून ती माझ्याशी भांडेल. भांडावे. मात्र उत्तराची वाट पाहू नये.

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ६ मार्च २०२६
लिहून देणार: (सही)

बाईंनी आमच्या देखत वाचून, एक स्वल्पविराम वाढवून सही केली. नंतर एकमेकांच्या देखत आम्ही सह्या केल्या.
साक्षीदार १: घरचे डॉक्टर (सही)
साक्षीदार २: कोपऱ्यावरील औषध दुकानदार (सही)