डाव्या पायातला बूट

३ मार्च, सोमवार

गुडघा सुजला! डावा. क्लचचा. आज नुसते सिग्नलच सिग्नल, त्यात फर्निचर बाजारातली गर्दी. हजारदा तरी क्लच दाबला असेल. आणि आमच्या म्हातारीचा क्लच दाबायचा म्हणजे बंद दाराला लाथ मारायची. म्हातारी म्हणजे माझी सामान पोचवायची गाडी, चौदा वर्षं माझ्याच हातात आहे. संध्याकाळी शिडीवरून उतरावं तसा उतरलो — तोंड आत, पाठ बाहेर. कुणी पाहिलं नाही. पाहून चालणारच नाही! साहेबांना कळलं तर गाडी सुटली, आणि मी गोडाऊनमध्ये लेबलं चिकटवत बसलो. गेल्या वर्षी कंबरवाल्याचं तेच झालं. एक नंबर ड्रायव्हर होता, आता खोक्यांशी बोलतो.

बायकोला सांगितलं, पायरी चुकली. म्हणाली, "रोज तीच पायरी चुकते का?"

४ मार्च

डेपोत नवी गाडी आली. ऑटोमॅटिक! क्लच नाही, गिअर टाकायची भानगड नाही. पेडल दोनच.

भोपू तीन वर्षं अशा गाडीसाठी साहेबांचं डोकं खातोय. भोपू म्हणजे आमच्यातला सगळ्यात जुना ड्रायव्हर. समोर भिंत आली तरी आधी हॉर्न वाजवतो. यावेळी नंबर त्याचाच होता. आणि साहेबांनी चावी दिली कुणाला? मला! भोपू म्हणे आयत्या वेळी "मला गिअरचीच बरी" म्हणाला. टरकला असणार, दुसरं काय. वर माझी म्हातारी त्याच्या ताब्यात!

साहेबांशी भांडून आलो. "चालवून तर बघा," म्हणाले, आणि फायलीत तोंड घातलं.

आज क्लच काढला, उद्या स्टेअरिंग काढतील, परवा लेबलं. मला काय कळत नाही?

५ मार्च

अब्रू गेली.

पहिल्याच सिग्नलला डावा पाय सवयीने क्लच दाबायला गेला. क्लच कुठाय? तिथे ब्रेक — चांगला हातभर रुंद! दाबला तो चौदा वर्षांच्या सवयीच्या जोराने. गाडी जागच्या जागी खिळली. मागे सोळा गाद्या, एक कपाट आणि कुणाचा तरी आरसा, सगळे एकदम पुढे आले. शेजारी शिकवायला बसलेल्या मास्तरांचा चहा त्यांच्याच चष्म्यावर. आरसा गाद्यांवर पडला म्हणून वाचला.

मास्तर चष्मा पुसत म्हणाले, पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं. पुढच्या सिग्नललाही तेच झालं. तेव्हा मास्तरांनी चष्मा काढून खिशातच ठेवला.

६ मार्च

तीनदा.

७ मार्च

मास्तरांनी उपाय सांगितला. डाव्या पायातला बूट काढून ठेवायचा. बूट नसला की पाय पेडलवर जायला बिचकतो, म्हणे. थट्टा वाटली, पण केलं. आणि खरंच, दिवसभरात एकदाही नाही!

फक्त एका ठिकाणी फ्रीज पोचवायला तसाच उतरलो. एका पायात बूट, दुसऱ्यात मोजा, त्यातून अंगठा बाहेर. बाई सही करता करता पायाकडेच बघत होत्या. शेवटी हळूच विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना?

घरी आलो तर बायकोने नवे मोजे काढून ठेवलेले. विचारलं मात्र काहीच नाही. मला त्याचीच भीती वाटते.

११ मार्च

इथे लिहितो, दुसरीकडे कबूल करणार नाही — सूज उतरली. आज जिना चढलो आणि वर पोचल्यावर लक्षात आलं की न थांबता चढलो. पुलावर अर्धा तास अडकलो होतो, तरी डावा पाय पाहुण्यासारखा बसून.

पण भोपू! चहाला बसला होता, पाय लांब करून. म्हातारी कशी आहे विचारलं, तर म्हणतो, "लोण्यासारखी!" म्हातारी आणि लोणी? मला जळवायला, दुसरं काय. वर सगळ्यांसमोर म्हणतो, तुझी बाळगाडी जपून चालव हो. सगळे खिदळले. मी चहा अर्धा टाकून उठलो.

१४ मार्च

ठरलं. अर्ज लिहिला. म्हातारी मला परत द्यावी, नवी भोपूला द्यावी. लोक अर्धा ड्रायव्हर समजायला लागले की लेबलं फार लांब नाहीत. गुडघ्याचं काय? गुडघ्याला कोण विचारतो!

भोपूला तोंडावर सुनावलं, "तू नव्या गाडीला घाबरलास, म्हणून ती माझ्या गळ्यात पडली." त्याने चावी उचलली आणि हॉर्न वाजवत निघून गेला.

बायकोने अर्ज वाचला. म्हणाली, "तुमची अक्कल गुडघ्यात. आणि गुडघा तर कधीच गेलाय."

म्हणजे हिला माहीत आहे! कधीपासून, ते विचारायची हिंमत झाली नाही.

१७ मार्च, सोमवार

साहेबांनी अर्ज वाचला. मग खणातून दुसरा कागद काढून माझ्यापुढे सरकवला. भोपूचं अक्षर, चार तारखेचं.

"नवी गाडी माझ्या नंबरावर आली आहे, ती म्हातारीवाल्या ड्रायव्हरला द्यावी. हे गाडीतून उलटे उतरतात, मी पाहिलं आहे. गोडाऊनला पाठवू नये, तिथे लेबलांशी भांडतील. मी कळवलं हे त्यांना सांगू नये."

साहेब म्हणाले, "आता तुम्हीच सांगा, यातला कुठला फाडू?"

माझा मीच फाडला.

बाहेर भोपू म्हातारी सुरू करत होता. क्लच दाबताना तोंड वाकडं झालेलं. मी नव्या गाडीत चढलो, डावा बूट काढला, आणि त्याच्या शेजारून जाताना दोनदा हॉर्न वाजवला. भोपू एवढा दचकला की त्याचा पाय क्लचवरून सुटला आणि म्हातारी गचका खाऊन बंद पडली.